मास्तरांना पोहता येत होतं का?

फलकावरचा मजकूर वाचून काका हसले आणि तिथूनच सगळं बिनसलं.

तोवर दुपार तशी बरी चालली होती. तलावाच्या कडेने खुर्च्या मांडून झाल्या होत्या. माइकवाला "हॅलो, हॅलो" करून कंटाळला होता आणि सावलीत जाऊन बसला होता. थोरला, मधली आणि चिमणी ही तिन्ही भावंडं बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच न भांडता, आई आणि काकांसोबत, एका खोलीत बसली होती. खोली बाबांचीच, प्रशिक्षकाची. आता ती बाबांच्या जागी लागलेल्या चिमणीकडे आली होती. भिंतीला ओल, कोपऱ्यात तरंगायच्या पाट्यांची चळत, खुंटीवर शिट्ट्या, आणि सगळीकडे क्लोरीनचा तो वास. बाबांच्या शर्टांना, टॉवेलांना, डोक्यावरून फिरणाऱ्या त्यांच्या हातालासुद्धा तोच वास यायचा. मधलीने आत पाऊल टाकलं तेव्हा क्षणभर तिला वाटलं, बाबा बाहेर कुणाला तरी ओरडतायत आणि आता आत येतील.

आज तलावाला बाबांचं नाव द्यायचं होतं. घरातर्फे मधलीने बोलायचं, हे आधीच ठरलं होतं. ती दातांची डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात यंत्र घालून एकटीनेच बोलायची तिला सवय, असं चिमणी म्हणायची. मधली मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. तेवढ्यात कार्यक्रमाचं बघणारे चिटणीस दोन माणसांच्या हातून फलक आत घेऊन आले.

"घरच्यांनी आधी बघून घ्यावा म्हटलं," ते म्हणाले आणि त्यांनी वरचं कापड बाजूला केलं.

बाबांचं नाव. खाली ठळक अक्षरं: 'निष्णात जलतरणपटू आणि आदर्श प्रशिक्षक.'

"सुंदर!" चिमणी म्हणाली.

आणि काका हसले. नुसतं हसू नव्हे, चहा नाकात जाईल असं हसू. कप खाली ठेवून त्यांनी रुमालाने डोळे पुसले.

"निष्णात जलतरणपटू! अहो, आमच्या भावाला कुठे पोहता येत होतं?"

चिटणीसही हसले. वयस्कर माणसाची थट्टा समजून त्यांनी मान डोलावली, "बरं, येतो, लोक जमायला लागलेत," असं म्हणत फलक तिथेच भिंतीला टेकवला आणि ते गेले. पण भावंडांपैकी कोणी हसलं नाही. काकांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" त्यांनी एकेकाकडे बघत विचारलं.

"काका, थट्टा पुरे झाली," चिमणी म्हणाली.

"थट्टा कसली! लहानपणी हौदात पडला होता भाऊ. तेव्हापासून पाणी बघितलं की पाय मागे. हा इथे लागला तो पंपघरात. पाणी बदलायचं, गाळणी साफ करायची. आधीचे मास्तर मध्येच नोकरी सोडून गेले, शिकायला आलेली पोरं काठावर कुडकुडत उभी. हा आला पंपघरातून आणि लागला ओरडायला, पाय मारा, मान सैल सोडा. रोज ऐकून सगळं पाठ झालेलं. पोरं तरंगायला लागली. मग कोण विचारतंय, तुम्हाला येतं का म्हणून!"

मधलीचं डोकं चक्रावलं. तिने बाबांना तलावापाशी जेवढ्या वेळा पाहिलं होतं तेवढं सगळं ती भराभर आठवू लागली. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात तो लांब बांबू. शिकणाऱ्याच्या नाकासमोर बांबूचं टोक धरून ते काठाकाठाने उलटे चालत जायचे. "पाण्यावर रागवायचं नाही. त्याला घाई कळत नाही." आणि इस्त्रीची अर्धी पँट. तिची घडी कधी मोडायची नाही. घडी कधीच मोडायची नाही! कोणी गटांगळी खाल्लीच तर पाण्यात उडी घ्यायला जीवरक्षक होता. बाबांना आत उतरलेलं तिने पाहिलं होतं का? पाहिलंच असणार. पण कधी?

"मी पाहिलंय त्यांना पोहताना," चिमणी ठासून म्हणाली. "लहान होते मी. सकाळी सकाळी, तलावात दुसरं कोणी नसताना. या काठापासून त्या काठापर्यंत गेले."

"उथळ भागात?" काकांनी विचारलं.

"उथळ भागात म्हणून काय झालं?"

"पाय टेकवत गेला असेल."

"काका!"

या सगळ्यात थोरला एक अक्षर बोलला नव्हता. औषधांचा घाऊक धंदा करणारा हा माणूस एरवी एका दमात दहा गोष्टी सुनावायचा. आता तो खिडकीपाशी उभा होता. मधलीने त्याचा चेहरा पाहिला. नदीचा तो दिवस त्याच्या डोळ्यांसमोर आलाय, हे तिला न सांगता कळलं.

घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नसे. सगळे सहलीला गेले होते. थोरला अकरा वर्षांचा, बाबांचा सर्वांत तरबेज चेला, फुशारकीने पुढे पुढे गेला आणि धारेत सापडला. बाबा ओरडत राहिले, "उलटा येऊ नकोस! आडवा जा! आडवा!" शेवटी एका होडीवाल्याने त्याला वर ओढलं. मूल वाचलं, घर वाचलं, असं सगळे म्हणाले. थोरला मात्र त्यानंतर पाण्यात उतरला नाही, आणि बाबांशी कामापुरतं बोलण्यापलीकडे गेला नाही. गाव ज्याला पोहण्यातला देव मानतं, तो बाप आपला मुलगा वाहून जाताना नुसता ओरडत उभा राहिला! आख्ख्या गावाला पाण्यात पाहणाऱ्या बापाला हा मुलगा वेगळ्याच अर्थाने पाण्यात पाहत आला होता. शेवटच्या आजारपणातही तो यायचा, औषधं आणायचा, डॉक्टरांशी बोलायचा आणि पलंगाजवळ न बसता निघून जायचा.

"काका," तो आता म्हणाला. आवाज अगदी खाली होता. "तुम्ही शपथेवर सांगताय?"

"अरे, शपथ कसली... मला जे माहीत ते मी..." काका एकदम गडबडले. "म्हणजे लग्नाआधीपर्यंतचं माहीत मला. पुढे शिकला असेल तर ठाऊक नाही."

"पुढे म्हणजे कधी? मी अकरा वर्षांचा होईपर्यंत शिकले होते की नव्हते?"

"मला काय माहीत रे बाबा! मी होतो का तिथे?"

"मग हसलात कशाला?" चिमणी कडाडली. "आता लोक बाहेर बसलेत आणि तुम्ही इथे काहीही बरळताय. उद्या कुणी मला विचारलं, तुमच्या वडिलांनाच येत नव्हतं तर तुम्हाला कोणी शिकवलं, तर काय सांगू मी?"

"तू तुझ्या नोकरीचं बघतेयस," थोरला म्हणाला.

"आणि तू? तुला तर आनंदच झाला असेल!"

"आनंद?" थोरल्याने फलकाकडे बोट केलं. "हा फलक लागणार नाही. बाहेर जाऊन मी स्वतः सांगतो. खोटं लिहिलंय म्हणून."

"ताई, सांग ना त्याला!"

दोघांनी मधलीकडे पाहिलं. लहानपणापासून हे असंच. भांडण त्या दोघांचं आणि निकाल हिने द्यायचा. एरवी ती काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची. आज तिला कळेना, दादाला राग कशाचा आलाय. बाबांना येत नव्हतं, तर ते उतरले नाहीत यात त्यांचा दोष नाही. म्हणजे सुटलाच की तो एवढ्या वर्षांच्या ओझ्यातून! मग तो सुटल्यासारखा का दिसत नाही?

आणि तिला आणखी एक गोष्ट आठवत होती. ती खरी की मनाची, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. सहलीहून परतताना बसमध्ये ती बाबांच्या शेजारी बसली होती. आठ वर्षांची. बाबांच्या मनगटावरच्या घड्याळाच्या काचेच्या आत पाणी होतं. काटे हलत नव्हते. तिने विचारलं तर बाबा म्हणाले होते, घड्याळाला तहान लागली होती.

"दादा," ती म्हणाली, "बाबा तेव्हा काठावर उभे होते, हे तुला नक्की आठवतंय?"

"मला आठवतंय का? मला?" थोरला तिच्या अंगावर आला. "मी पाण्यातून त्यांच्याकडे बघत होतो! मला फक्त त्यांचं तोंड दिसत होतं, ओरडणारं. बाकी जग नव्हतंच."

"त्यांचे कपडे ओले होते. बसमध्ये."

"मला वर काढल्यावर मिठी मारली असेल त्यांनी."

"मारली होती?"

कपाळाला आठ्या घालून थोरला आठवू लागला. मग म्हणाला, "नाही. मला नाही आठवत. मला तर वाटतं, ते माझ्याजवळ आलेच नाहीत."

"मी त्यांना येऊ दिलं नाही," आई म्हणाली.

आई दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. पाय सुजतात म्हणून तिच्यापुढे एक स्टूल ठेवलं होतं, आणि कानाचं यंत्र पिशवीत असेल असं धरून सगळे बोलत होते. यंत्र कानातच होतं.

"वहिनी, तुम्हीच सांगा आता," काकांनी सुटकेचा श्वास सोडला. "भाऊला येत होतं का?"

"तुम्ही जरा चहा प्या, भावोजी," आई म्हणाली. काकांनी मुकाट्याने कप उचलला.

मग ती थोरल्याकडे वळली. "त्या दिवशी नव्हतं येत. हात मारायचा कसा हे हजार जणांना सांगितलं असेल त्यांनी, पण गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्यांचा श्वास अडकायचा. मला लग्नानंतर महिन्याभरात कळलं. मी नदीकाठची, मला हसूच आलं होतं."

"म्हणजे काका म्हणतात ते खरं," थोरला म्हणाला. "येत नव्हतं म्हणून काठावर थांबले."

"थांबले कुठे?"

आईने स्टुलावरचे पाय खाली घेतले.

"तू ओरडलास आणि हे सरळ चालत आत शिरले. ढेंगा टाकत, रस्त्याने जावं तसे. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. गळ्यापर्यंत पाणी आलं तरी चालतच होते, आणि वर तोंड करून तुला सांगत होते, आडवा जा म्हणून. तुला तोंडच दिसलं म्हणतोस ना? बाहेर तेवढंच होतं."

मधलीला एकदम त्या घड्याळाची काच दिसली. तिने स्वतःचं मनगट घट्ट धरलं.

"मग?" चिमणीने विचारलं. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"मग काय. पायाखालची वाळू गेली. दोनदा आत गेले, वर आले. मी या चिमणीला वर झाडामागे बसलेल्या मधलीच्या मांडीवर टाकलं आणि धावले. कॉलर धरून मागे ओढलं. तरी ऐकेनात. मला ढकलत होते. मी दोन थोबाडीत दिल्या."

"बाबांना?"

"त्यांनाच."

काका कपात बघत राहिले. थोरला हळूहळू आईच्या समोर आला आणि स्टुलापाशी थांबला.

"आई," तो म्हणाला, "तुला तर पोहता येत होतं."

आता कुठे मधलीला त्याच्या चेहऱ्याचा अर्थ लागला. इतकी वर्षं बापाकडे वळवून ठेवलेलं ते रागाचं तोंड आता आईकडे वळत होतं, आणि वळावं की नाही हे त्याला स्वतःलाच कळत नव्हतं.

"येत होतं," आई म्हणाली. "तुझ्यापर्यंत पोचलेही असते."

"मग?"

"तुझ्याकडे होडी निघाली होती. त्यांच्याकडे कोणीच जात नव्हतं."

बाहेर माइकवाल्याने पुन्हा "हॅलो" म्हटलं. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कुणीतरी कुणाला तरी पुढे बसायला बोलावत होतं. थोरल्याने बसायला जागा शोधली. ती मिळेना, तसा तो पाट्यांच्या चळतीवरच टेकला. चळत कलली आणि दोन पाट्या घसरून जमिनीवर पडल्या. कोणी उचलल्या नाहीत.

"मला का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं. "दोघांपैकी एकाने तरी सांगायचंत."

"त्यांनी सांगू दिलं नाही. मी भांडले. पण म्हणाले, मला येत नाही हे त्याला कळलं तर मी शिकवलेल्यावरचा त्याचा विश्वास उडेल आणि तो पुन्हा पाण्यात पाय टाकणार नाही. त्यापेक्षा बाप निर्दय वाटला तरी चालेल."

"आणि मी तरी कुठे पाय टाकला?"

"नाही ना," आई म्हणाली. "तिथेच चुकलं त्यांचं. मी रोज म्हणायचे, अहो, आता तरी सांगा. म्हणायचे, उद्या. मग तू शिकायला बाहेर गेलास. मग तुझं लग्न झालं. मग मला वाटलं, आता सांगून तुझं आणखी काहीतरी मोडायचं."

"पण मी पाहिलं ते काय होतं?" चिमणीला अजून आपला मुद्दा सोडवत नव्हता. "सकाळचं?"

"ते मी शिकवत होते त्यांना. त्या नदीनंतर चार-पाच वर्षं रोज पहाटे यायचो आम्ही, जीवरक्षकाला लवकर बोलावून. दांडी धरून पाय मारायचे. चार हात मारले की उभे. इतका वाईट शिकणारा मी दुसरा पाहिला नाही."

"पण मी पाहिलं तेव्हा ते त्या काठापर्यंत गेले होते, आई. खरंच."

"हो, एकदा गेले आडवे. पाय टेकले की नाही, मला दिसलं नाही. विचारलं तर म्हणाले, तुला काय वाटतं?" आईच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. "शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही."

"म्हणजे येत होतं!" चिमणी म्हणाली.

"म्हणजे माहीत नाही," काका म्हणाले.

दारावर टकटक झाली. चिटणीस. "चला, पाहुणे आलेत. फलक नेऊ ना?"

मधलीने थोरल्याकडे पाहिलं. आता हा उठेल आणि नको म्हणेल, असं तिला वाटलं.

"न्या," थोरला म्हणाला. "आहे तसाच लावा."

"नको!" चिमणी उसळली. तिचे डोळे भरले होते. "खोटं लिहिलेल्या फलकाखाली मी रोज शिट्टी वाजवू? मला नाही जमायचं. खरं काय ते लिहा. गळ्यापर्यंत गेले होते ते, येत नसताना! हे कुणाला कळायला नको?"

"चिमणे, आत्ता तूच म्हणत होतीस..."

"आत्ता मला माहीत नव्हतं, दादा!"

"आणि आता मला माहीत झालंय. एक अक्षर बदलायचं नाही. त्यांनी लपवलं ना, मग लपू दे."

चिटणीस बिचारे एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. भांडण फलकाचं आहे एवढंच त्यांना कळलं. "काही शुद्धलेखनाची चूक आहे का?" त्यांनी काळजीने विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. "न्या तुम्ही. आणि मला जरा हात द्या."

बाहेर आख्खा तलाव माणसांनी वेढला होता. टक्कल पडलेले, केस रंगवलेले, कडेवर मुलं घेतलेले लोक. यांतल्या प्रत्येकाच्या नाकासमोर कधी ना कधी त्या बांबूचं टोक धरलं गेलं होतं. फलक वर चढला, कापड बाजूला झालं, टाळ्या झाल्या. चिमणी मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. थोरला आईच्या शेजारी बसला. आईच्या शेजारी तो कधी बसला होता, हे मधलीला आठवेना. दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं आणि आईचा हात त्या अंतरात, खुर्चीच्या कडेवर होता. तो त्याने धरला नव्हता, पण बाजूलाही सारला नव्हता.

मधलीचं नाव पुकारलं गेलं. ती माइकसमोर आली. जुळवलेली वाक्यं सगळी पळाली होती. ती फलकाशी जुळणारी होती, आणि फलकावर तिची नजर ठरत नव्हती. दादाला खरं नको होतं, चिमणीला हवं होतं. आईला काय हवं होतं ते आईने सांगितलंच नव्हतं. आणि खरं म्हणजे नेमकं कोणतं, तेही मधलीला ठाऊक नव्हतं. ज्या माणसाला आपण आयुष्यभर ओळखलं, त्याच्याबद्दल एक सरळ वाक्य तिला सापडत नव्हतं.

"माझ्या वडिलांना," ती म्हणाली आणि थांबली. निळं पाणी संथ होतं. "माझ्या वडिलांना पोहता येत होतं की नाही, यावर आज घरात आमचं एकमत होऊ शकलं नाही."

मग मागच्या रांगेतून हसू फुटलं, ते पुढे सरकलं, आणि बघता बघता आख्खा तलाव हसायला लागला. लोक टाळ्या पिटू लागले. पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ शेजाऱ्याला कोपर मारून म्हणाले, "बापाचीच पोरगी! मास्तर असंच बोलायचे!"

"खरंच सांगतेय," ती माइकमध्ये म्हणाली, तसे ते आणखी जोरात हसले.

तिने घाबरून घरच्यांकडे पाहिलं. चिमणीने तोंडावर हात ठेवला होता. काका मान खाली घालून बसले होते. आई हसत नव्हती, तिने चष्मा काढला होता. आणि थोरला हसत होता. सगळ्यांसारखाच, मोठ्याने, खांदे हलवत. मग लोकांचं हसू ओसरू लागलं तरी त्याचं ओसरेना. त्याने चेहरा दोन्ही हातांत धरला आणि खांदे तसेच हलत राहिले. आजूबाजूच्यांना वाटलं, मुलगा अजून हसतोय, आणि ते पुन्हा हसले.

मधली माइक धरून उभी राहिली. लोक पुढच्या वाक्याची वाट बघत होते.